कार्बन नवा, तरी चिमणीत पारा: दर पाच-सहा आठवड्यांनी उलटणाऱ्या दुखण्याचा तपास

जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएल फोडून काच, टोप्या आणि पांढरी पावडर वेगळी करणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये मी मेंटेनन्स बघतो. एमआयडीसीतला एक शेड, एक क्रशर, एक ब्लोअर आणि पाऱ्याची वाफ धरायला गंधक लावलेल्या कार्बनची एक टाकी. दुखणं एका वाक्यात सांगतो. नवा कार्बन भरला की चिमणीतलं रीडिंग २–३ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर येतं. चार आठवडे सगळं छान चालतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तेच रीडिंग २५ ते ३० वर जातं. सगळे म्हणतात, “कार्बन संपला.” पुन्हा २०० किलो कार्बन, पुन्हा खर्च, पुन्हा चार आठवडे सुख. असं आम्ही तीनदा केलं. चौथ्या वेळी मालकांचाच पारा चढला, तेव्हा कुठे मी वही-पेन घेऊन बसलो.

तुमच्याकडे ट्यूब नसतील. सोन्या-चांदीच्या कचऱ्याची भट्टी असेल, दातांत भरायच्या अमाल्गमचं (पारा मिसळलेल्या धातूचं) काम असेल, क्लोर-अल्कलीचा, म्हणजे पारा वापरून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा करणाऱ्या कारखान्याचा, जुना सेल-हॉल पाडायचं काम असेल. पाऱ्याची वाफ आणि कार्बनचा बेड, म्हणजे टाकीत भरलेला कार्बनचा थर, एवढं सामान असलं, तर पुढचा बहुतेक भाग लागू पडेल.

आधी हिशोब करा, मग फोन उचला

पुरवठादाराला फोन करण्याआधी पाच मिनिटांचं गणित करायचं. मी ते तीन वेळा केलं नाही, म्हणून कळकळीने सांगतो.

आमच्याकडे दिवसाला साधारण ५००० ट्यूब फुटतात. जुन्या ट्यूबमध्ये १० मिलिग्रॅमच्या आसपास पारा धरला, तर दिवसाचा एकूण पारा ५० ग्रॅम. यातला बराचसा वाफ होऊन उडत नाही. वापरलेल्या ट्यूबमधला पारा मुख्यतः आतल्या पांढऱ्या फॉस्फर पावडरीला चिकटलेला असतो. दहावा हिस्सा हवेत गेला असं धरू, म्हणजे दिवसाला ५ ग्रॅम. आमचा ब्लोअर तासाला १००० घनमीटर हवा ओढतो. आठ तासांची हवा ८००० घनमीटर. म्हणजे बेडच्या आधी रीडिंग ६०० मायक्रोग्रॅमच्या आसपास यायला हवं. मीटर लावून बघितलं, तर तेवढंच येत होतं. गणित जमिनीवर आहे, एवढी खात्री झाली.

आता दुसरी बाजू. गंधक लावलेला चांगला कार्बन स्वतःच्या वजनाच्या १० टक्के पारा धरतो, असं सावधपणे धरू. २०० किलो कार्बनमध्ये २० किलो पारा मावायला हवा. दिवसाला ५ ग्रॅम या वेगाने २० किलो भरायला ४००० दिवस लागतील. अगदी वाईटात वाईट, सगळाच्या सगळा ५० ग्रॅम पारा हवेत गेला, तरी ४०० दिवस. आणि आम्ही सहा आठवड्यांत “संपला, संपला” करत होतो! टाकून दिलेल्या त्या ६०० किलो कार्बनमध्ये पारा जेमतेम काही शे ग्रॅम असेल. बाकी सगळा कोरा माल.

तेव्हा पहिला नियम लिहून ठेवला: सहा आठवड्यांत बेड ‘भरत’ नाही. हवा कुठूनतरी कार्बनला टाळून जातेय, किंवा कार्बन काम करू शकत नाहीये, किंवा रीडिंगच खोटं आहे. या तीन वाटांशिवाय चौथी वाट क्वचितच सापडते.

कार्बन नक्की करतो काय

थोडक्यात सांगतो, कारण पुढचं निदान यावर उभं आहे. साधा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन पाऱ्याला नुसता अंगाला चिकटवून घेतो. याला अधिशोषण म्हणतात, पण ही पकड ढिली. हवा गरम झाली की पारा सुटतो. गंधक लावलेल्या कार्बनमध्ये पाऱ्याची गंधकाशी रासायनिक गाठ पडते आणि मर्क्युरिक सल्फाइड तयार होतं. आयुर्वेदात खलात पारा आणि गंधक घोटून जी काळी कज्जली करतात, तोच हा संसार, फक्त इथे तो करवंटीच्या कोळशाच्या छिद्रांमध्ये थाटलेला. एक ग्रॅम गंधक कागदावर सव्वासहा ग्रॅम पारा बांधू शकतो. प्रत्यक्षात सगळा गंधक हाताला लागत नाही, म्हणून मी वर १० टक्केच धरले.

या गाठीसाठी दोन गोष्टी लागतात. पाऱ्याचा अणू गंधकापर्यंत पोचला पाहिजे आणि पोचायला वेळ मिळाला पाहिजे. आमचा बेड १ मीटर उंच, १ मीटर रुंद, ४० सेंटीमीटर जाड. हवा आडवी जाते, सेकंदाला साधारण २८ सेंटीमीटर वेगाने, म्हणजे सुमारे दीड सेकंद कार्बनच्या सहवासात. एवढं पुरतं, पण सगळी हवा खरंच कार्बनमधून गेली तर.

चार वेळा मोजा, टाकी उघडू नका

झाकण उघडण्याआधी मीटर घेऊन उभे राहा. बेडच्या आधी, बेडच्या नंतर आणि जमलं तर बेडच्या मधोमध एक सॅम्पलिंगचं भोक असू द्या. टाकी बनवताना हे मधलं भोक कोणी मागत नाही. मागून ठेवा, पाव इंची सॉकेटला किती पैसे लागतात?

सकाळी क्रशर सुरू करण्याआधी नुसता ब्लोअर चालवा. आत पारा जवळजवळ नाही, तरी चिमणीत १०–१५ दाखवतंय? मग बेड धरलेला पारा परत सोडतोय, किंवा बेडनंतरच्या डक्टमध्येच पाऱ्याची पावडर बसलीय.

मग क्रशर सुरू करा आणि घड्याळ लावा. आतलं रीडिंग चढताच बाहेरचंही त्याच मिनिटाला चढलं आणि क्रशर थांबवताच दोन्ही सोबत उतरली, तर तो बायपास. थोडी हवा कार्बनला हात न लावता निघून चाललीय. बेड खरंच भरत आला असेल, तर बाहेरचं रीडिंग असं नाचत नाही. दिवसागणिक, आठवड्यागणिक हळूहळू चढतं आणि क्रशर थांबल्यावरही लगेच उतरत नाही.

तिसरं, आत-बाहेरचं गुणोत्तर काढा. आत ६०० आणि बाहेर ३०, म्हणजे ५ टक्के. आत ३०० झालं तेव्हा बाहेर १५ झालं? पुन्हा ५ टक्के. गुणोत्तर असं ठाम राहिलं, तर कुठेतरी ठरावीक मापाचं भोक आहे असंच समजा. आमचं अगदी असंच निघालं.

आणि चौथं, दुपारी चारला मोजा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये टाकी हात लावू देत नाही. सकाळी चांगला असलेला बेड दुपारी सोडायला लागला, तर कार्बनवर गंधक आहे का, यावरच मला शंका येईल.

आमचा चोर: वरची बोटभर फट

पाचव्या आठवड्यात टाकीचं वरचं झाकण उघडलं. भरताना काठोकाठ भरलेला कार्बन अडीच-तीन सेंटीमीटर खाली बसला होता. क्रशर शेजारीच, त्याची थरथर फ्रेममधून टाकीत येते, आणि दाणे हलून हलून एकमेकांत बसतात. डब्यात तांदूळ भरून डबा आपटला की जसा खाली बसतो तसंच. उभ्या प्रवाहाच्या टाकीत कार्बन खाली बसला तर फारसं बिघडत नाही. पण आमच्यासारखी हवा आडवी जाणारी टाकी असेल, तर वर एक मोकळी खिंड तयार होते. क्षेत्रफळाच्या हिशोबाने ती दोन-तीन टक्केच. पण हवेला तिथे अडथळा शून्य आणि कार्बनमध्ये भरपूर, म्हणून तिच्या वाट्याला येणारी हवा त्यापेक्षा जास्त. पारा कार्बनच्या डोक्यावरून आरामात निघून जात होता.

आणि हे दर पाच-सहा आठवड्यांनीच का? कारण नवा कार्बन भरला की पातळी परत काठोकाठ! रोग कार्बनचा नव्हता. पण औषध कार्बनचं होतं आणि ते दर वेळी ‘लागू’ पडत होतं. म्हणून तर आम्ही तीनदा फसलो.

एक खूण आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्ही ती उलटी वाचली. बेडच्या आरपार दाबातला फरक, म्हणजे आम्ही ज्याला डीपी म्हणतो, तो हळूहळू कमी होत होता. ऑपरेटरने लॉगबुकात लिहिलंही होतं, “डीपी सुधारला.” धुळीने बेड तुंबला तर डीपी वाढतो. आपोआप कमी झाला, तर हवेला चोरवाट सापडली, असं समजायचं. आता तो रकाना लाल पेनाने भरतो.

दुरुस्ती अशी केली. टाकीच्या वरच्या बाजूला आडवा स्टीलचा पडदा वेल्ड केला. तो कार्बनच्या पातळीखाली १५ सेंटीमीटर बुडलेला असतो. कार्बन पाच सेंटीमीटर बसला तरी फट पडद्यामागेच राहते, हवेला दिसत नाही. त्यावर एक छोटा हॉपर (खाली निमुळता होणारा डबा) ठेवला, त्यात १५–२० किलो जास्तीचा कार्बन, जो बसेल तसा आपोआप खाली येतो. भरण्याची पद्धतही बदलली. पूर्वी पोतं एका कोपऱ्यात ओतायचो, मग ढीग व्हायचा आणि जाड दाणे घरंगळून कडेला जायचे. आता थरा-थराने, सगळीकडे सारखा पसरून, प्रत्येक थराला टाकीला रबरी हातोड्याने ठोकत भरतो. फिटरला हे आवडलं नाही. “साहेब, एवढ्या वेळात दोन टाक्या भरून होतील.” होतील, पण दोन्ही गळतील.

बारावा आठवडा उलटला, तरी बाहेर ४ च्या वर गेलं नाही. तोच कार्बन. नंतर जूनमध्ये मात्र पुन्हा वर गेलं आणि मी परत कामाला लागलो.

पावसाळ्याचं वेगळं दुखणं

जूनमध्ये डीपी ठीक, हॉपर भरलेला, गुणोत्तर मात्र डळमळीत. सकाळी बाहेर २०, दुपारी १० आणि पाऊस जोराचा असला की दिवसभर वर. हा बायपास नव्हता, कारण बायपास हवामान बघत नाही.

करवंटीचा कार्बन हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत पाण्याकडे फारसं बघत नाही. त्यापुढे मात्र अधाशासारखं पाणी पितो. छिद्रांमध्ये पाणी साठलं की पाऱ्याला गंधकापर्यंत पोचायला पाण्यातून जावं लागतं, आणि पारा पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. गंधक आत शाबूत आहे, जागाही आहे, पण दारात पाण्याचा पडदा. रात्री ब्लोअर बंद, डॅम्पर (डक्टमधल्या हवेच्या झडपा) उघडे, सह्याद्रीच्या पायथ्याची ओली हवा रात्रभर टाकीत भरते. सकाळी बेड भिजलेला.

तपासायला एक साधी युक्ती. एक लिटरच्या मापात ताजा कार्बन भरून वजन करा आणि त्याच मापात बेडमधला भरून करा. ताजा ५०० ग्रॅम आणि बेडमधला ६०० भरला, तर वरचे १०० ग्रॅम पाणीच आहे. पाऱ्याचं वजन एवढ्या काळात इतकं भरूच शकत नाही, हे वरच्या हिशोबाने दिसतं. हे करताना हातमोजे आणि पाऱ्याच्या वाफेचा मास्क हवाच. आणि वापरलेला कार्बन कितीही ओला वाटला, तरी तो ओव्हनमध्ये वाळवायला जाऊ नका. पाणी उडेल आणि त्यासोबत पाराही तुमच्या खोलीत येईल.

उपाय म्हणजे बेडच्या आधी छोटा हीटर. ३० अंश आणि ९५ टक्के आर्द्रतेची हवा ४० अंशांपर्यंत तापवली, की त्याच हवेची आर्द्रता ५५ टक्क्यांवर येते. दहा अंशांत निम्मं काम. खूप तापवायची हौस मात्र नको. गंधक ११५ अंशांच्या आसपास वितळतो, आणि त्याच्या खूप आधीपासून थोडा थोडा उडायला लागतो. शिवाय टाकीत शेकडो किलो कोळसा आणि गंधक एकत्र आहे, हे विसरू नये. आम्ही थर्मोस्टॅट ४५ अंशांवर अडवला आहे आणि ब्लोअर बंद असला तर हीटर सुरूच होणार नाही, असा इंटरलॉक लावला आहे. रात्री दोन्ही डॅम्पर बंद. एवढं केल्यावर जुलैतही रीडिंग ५ च्या आत राहिलं.

गंधकाच्या नावाखाली साधा कोळसा

हे आमच्या बाबतीत झालं नाही, असं म्हणायला आवडलं असतं. एकदा स्वस्तात मिळाला म्हणून खरेदी विभागाने दुसरीकडून कार्बन आणला. सोबतच्या कागदावर ठळक अक्षरात “आयोडीन नंबर ११००”. विकणाऱ्याने तो गुण म्हणून सांगितला आणि आमच्या खरेदीवाल्यांनी तो गुण म्हणून घेतला. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

आयोडीन नंबर म्हणजे कार्बनच्या अंतर्गत पृष्ठभागाचा अंदाज. पाण्याच्या फिल्टरसाठी तो मोठा हवा. पण गंधक भरला की छिद्रांचा बराच भाग गंधकानेच व्यापतो आणि हा आकडा उतरतो. चढ्या आयोडीन नंबरवाला ‘गंधकी’ कार्बन बहुतेक वेळा साधाच असतो. आणखी गंमत म्हणजे पाऱ्यासाठी आयोडीन लावलेला कार्बनही मिळतो, आणि त्याचा आयोडीन नंबरशी काडीचाही संबंध नाही. हा शब्दगोंधळ विकणाऱ्यांना फार उपयोगी पडतो.

माल घेताना वजनाने गंधक किती टक्के, ते लॅबच्या कागदावर मागा. १० ते १५ टक्के ही नेहमीची मर्यादा. घरच्या घरी पडताळायचं असेल, तर ताज्या कार्बनची चिमूट मोकळ्या हवेत, वाऱ्याला पाठ करून, जुन्या चमच्यावर तापवा. गंधक असेल तर जळत्या काड्यापेटीसारखा नाकाला झोंबणारा वास येतो. साध्या कार्बनला असा वास येत नाही. ही चाचणी फक्त ताज्या मालावर. पाऱ्याशी गाठ पडलेला एक दाणाही तापवायचा नाही.

साधा कार्बन बेडमध्ये गेला, तर तो सुरुवातीला काम करतो, म्हणून लगेच पकडला जात नाही. सकाळी गारव्यात धरतो, दुपारच्या उन्हात सोडतो. वर सांगितलेलं चार वाजताचं रीडिंग त्यासाठीच.

बेड निर्दोष, रीडिंग तरी वर

ही माझी सगळ्यात जास्त वेळ खाणारी केस. मधल्या भोकात १ मायक्रोग्रॅम, चिमणीत १२. बेड अर्ध्यातच काम संपवतोय, मग पुढे पारा आला कुठून?

आमचा ब्लोअर बेडच्या पुढे आहे, म्हणजे तो बेडमधून हवा ओढतो. बेड आणि ब्लोअर यांच्या मधल्या डक्टमध्ये कुठेही चीर असली, तर ती शेडमधली हवा आत ओढते. शेडमध्ये ड्रम बदलताना पारा असतोच. ती हवा बेडला वळसा घालून थेट चिमणीत. एका फ्लँजचं (डक्टच्या बोल्टच्या जोडाचं) गॅस्केट, म्हणजे मधली रबरी चकती, कडक होऊन तडकलं होतं. शोधायला फोरमन उत्साहाने उदबत्ती घेऊन आला. बाबा रे, गंधक-कोळशाच्या टाकीजवळ निखारा नको! टिश्यूपेपरची पातळ पट्टी फ्लँजभोवती फिरवली, जिथे ती आत ओढली गेली तिथे गॅस्केट गेलेलं. ब्लोअर बेडच्या आधी असेल, तर हेच गळतं बाहेरच्या दिशेने. तिथे साबणाचं पाणी लावलं की फुगे येतात, पण ती गळती चिमणीत न दिसता थेट कामगाराच्या नाकाशी दिसते, म्हणून जास्त वाईट.

त्याच वेळी कळलं की लवचिक डक्टचा एक तुकडा अ‍ॅल्युमिनियमचा होता. पारा अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर मोडतो आणि धातू पोखरत जातो. १९७३ मध्ये अल्जीरियातल्या स्किक्दा इथल्या नैसर्गिक वायूच्या प्रकल्पात अ‍ॅल्युमिनियमचे उष्मा विनिमयक याच कारणाने निकामी झाले. तेव्हापासून वायू उद्योगात बेड बसवून पारा आधीच काढून घेतात. आमच्या डक्टला सुईच्या अग्राएवढी भोकं पडली होती. आता तिथे पीव्हीसी आहे.

याच धातूंच्या प्रेमाची एक घरगुती बाजू. छाटणीच्या टेबलवर काम करणाऱ्या ताईंची अंगठी पांढरी पडली होती. पारा सोन्यालाही धरतो. आता कामावर येताना अंगठ्या आणि मंगळसूत्र लॉकरमध्ये. सोन्याचं पांढरं पडणं डोळ्यांना दिसतं. तीच वाफ रोज श्वासातून आत जाते, ती दिसत नाही आणि तिला वासही नसतो.

धूळ ही दुसरी शंका. फॉस्फर पावडर बेडच्या आधीच्या हेपा फिल्टरमधून (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या गाळणीतून) सुटली, तर ती बेडच्या तोंडाशी आणि पुढच्या डक्टमध्येही बसते आणि पाऱ्याची वाफ सोडत राहते. हेपाचं सील दर महिन्याला टॉर्च मारून बघतो. यावर जास्त लिहीत नाही, कारण हेपाचे ग्राहक सगळे शहाणे असतात. सील मात्र कोणी बघत नाही.

मीटरवर अंधविश्वास नको

सोन्याच्या पातळ पापुद्र्यावर पारा चिकटवून मोजणारे मीटर असतात. पापुद्रा भरला की तो तापवून साफ करावा लागतो, नाहीतर रीडिंग बहकतं. हायड्रोजन सल्फाइडलाही ते पारा समजू शकतात. गंधकाच्या बेडनंतर मोजताना ही शंका मनात असू द्या. अतिनील किरणांवर चालणारे मीटर २५३.७ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण मोजतात, त्यांना ओझोन आणि काही सॉल्व्हंटच्या वाफा फसवतात. तपासायचा सोपा मार्ग: मीटरच्या तोंडाला ताज्या गंधकी कार्बनची छोटी नळी लावा. शून्य आलंच पाहिजे. नाही आलं, तर टाकी नाही, मीटर दुरुस्तीला पाठवा.

कागदावर द्यायचं रीडिंग मीटरचं नको. हवेचा छोटा पंप, पारा धरून ठेवणाऱ्या हॉपकॅलाइट पावडरीची नळी आणि प्रयोगशाळेत थंड वाफेचं अणुशोषण, म्हणजे पाऱ्याच्या वाफेने किती प्रकाश शोषला ते मोजणं, हा जुना पण भरवशाचा मार्ग आहे. आमचं मीटर आणि लॅब यांच्यात एकदा तिप्पट फरक आला होता. मीटर चुकत होतं.

ड्रम बदलणं आणि माणसं

चिमणी कितीही स्वच्छ असली तरी शेडमधली हवा वेगळीच गोष्ट. आमच्याकडे सगळ्यात उंच शिखर क्रशरचं नसतं, भरलेला ड्रम काढून झाकण लावण्याच्या दोन-तीन मिनिटांचं असतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००६ मध्ये ड्रमवर बसणाऱ्या क्रशरचा अभ्यास केला, तेव्हाही ड्रम बदलण्याच्या वेळीच रीडिंग झेपावलेली दिसली होती. आम्ही ड्रमभोवती प्लास्टिकचा पडदा लावून त्यालाही ओढणारा डक्ट दिला.

उन्हाळ्याचा एक आकडा लक्षात ठेवा. २० अंशांना पाऱ्याच्या थेंबाभोवतीची संपृक्त हवा साधारण १३ मिलिग्रॅम प्रति घनमीटर पारा धरते, ३० अंशांना जवळपास ३०, ४० अंशांना ६० च्या पुढे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम दिली होती. फरशीच्या फटीत सांडलेला एक थेंब मे महिन्यात काय करू शकतो, हे यावरून समजेल. झाडूने झाडू नका, साध्या व्हॅक्यूमने ओढू नका, दोन्हीने तो थेंब बारीक होऊन पसरतो. गंधकाची पूड टाकून, घट्ट झाकणाच्या बरणीत गोळा करा.

मास्कबद्दल एवढंच की कापडी किंवा धुळीचा मास्क पाऱ्याच्या वाफेपुढे काहीच नाही. पाऱ्यासाठीचं कार्ट्रिज लागतं, आणि युरोपीय प्रमाणातल्या पाऱ्याच्या कार्ट्रिजवर ५० तासांची मर्यादा छापलेली असते. ती पाळा. आम्ही पाकिटावर मार्करने तारीख आणि तास लिहितो. वर्षातून एकदा लघवीतला पारा तपासतो, हात थरथरणं किंवा चिडचिड वाढणं दिसलं तर मध्येही. पाऱ्याची विषबाधा हा कायद्याने कळवायचा आजार आहे.

टाकून दिलेल्या कार्बनचं काय

आमचे पहिले ६०० किलो आता आठवतात तेव्हा वाईट वाटतं. वापरलेला कार्बन घातक कचरा म्हणूनच जातो. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारा नोंदीचा कागद) भरून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या सामायिक सुविधेकडे. शेताच्या बांधावर किंवा वीटभट्टीला “कोळसा आहे, घे” म्हणून देण्याचे सल्ले मी कानांनी ऐकले आहेत. वीटभट्टीत तो गेला तर त्यातला पारा पहिल्या तासात गावाच्या हवेत.

ट्यूबचा ओघ लगेच आटणार नाही. भारताने पाऱ्याच्या वापरावर लगाम घालणारा मिनामाता करार २०१८ मध्ये मान्य केला, फ्लोरोसंट दिवे २०२७ पर्यंत बाजारातून काढायचं जगाने ठरवलं आहे, पण छतांवरचे जुने दिवे उतरायला त्यानंतरही वर्षं जातील. तोवर टाकीला दर सोमवारी सकाळी क्रशर सुरू करण्याआधी एक, सुरू झाल्यावर एक आणि दुपारी चारला एक, अशी तीन रीडिंग आणि डीपी लिहितो. हॉपरची पातळी काचेतून दिसते, ती पाच सेंटीमीटर उतरली की वरून पाव पोतं टाकतो. आत्ता बेडचा नववा महिना चालू आहे. मधल्या भोकात अजून १, बाहेर ३.